कोशकार जेम्स मरे



शाळेत एखादा इंग्रजी शब्द अडला की तुम्ही शब्दकोश उघडता, नाहीतर सरळ संगणकावर शब्द टाइप करता. क्षणात अर्थ समोर येतो. पण हे अर्थ पहिल्यांदा कोणी लिहून ठेवले, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का?

इंग्रजीचा सर्वांत मोठा कोश म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. हा कोश ज्यांनी उभा केला ते गृहस्थ ऑक्सफर्डला शिकलेले नव्हते. त्यांची शाळा चौदाव्या वर्षी सुटली होती. आणि लहानपणी घरी ते पुस्तकातले इंग्रजी बोलतही नसत. त्यांचे नाव सर जेम्स मरे. या अंकात त्यांची गोष्ट वाचू या.

शिंप्याचा मुलगा

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर हॉइक नावाचे गाव आहे. त्याच्याजवळच्या डेनहोम या खेड्यात ७ फेब्रुवारी १८३७ रोजी जेम्सचा जन्म झाला. वडील शिंपी होते. घरची परिस्थिती बेताची, आणि जेम्स भावंडांत थोरला. पुढच्या शिक्षणाचा खर्च झेपणार नव्हता, म्हणून चौदाव्या वर्षी शाळा संपली.

शाळा संपली, शिकणे मात्र संपले नाही. दिसेल ते पुस्तक वाचायचे, भेटेल त्या भाषेचे व्याकरण शिकायचे, डोंगरातले दगड आणि झाडेझुडपे गोळा करून त्यांची नावे लिहून ठेवायची, हा त्याचा छंद. सतराव्या वर्षी तो हॉइकच्या शाळेत मदतनीस शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षी तिथल्याच दुसऱ्या एका शाळेचा मुख्याध्यापक!

जेम्सच्या घरी आणि गावात स्कॉट्स बोली चालत असे. तिच्यात मुलाला बेर्न म्हणतात आणि चर्चला कर्क. लंडनच्या लोकांना ही बोली म्हणजे बिघडलेले, गावठी इंग्रजी वाटे. मोठेपणी मरे यांनी याच बोलीवर एक पुस्तक लिहिले. ते १८७३ साली प्रसिद्ध झाले. ही बोली कशाचेही बिघडलेले रूप नाही, उत्तर इंग्लंड आणि दक्षिण स्कॉटलंड येथे शेकडो वर्षे बोलल्या जाणाऱ्या जुन्या भाषेची ती सरळ वारस आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले. ज्या बोलीची इतरांनी थट्टा करावी, तिच्याच अभ्यासामुळे विद्वानांमध्ये त्यांचे नाव झाले.

लंडनमधली बँक

१८६२ साली मरे यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव मॅगी. त्यांना एक मुलगी झाली, पण ती तान्हेपणीच गेली. मॅगीला क्षयाने गाठले. स्कॉटलंडची थंडी तिला सोसणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणून मरे शाळा सोडून लंडनला आले. पोटासाठी त्यांनी बँकेत कारकुनी धरली. बँकेचे नाव ऐकून गंमत वाटेल: चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना. पण लंडनला येऊनही मॅगी वाचली नाही. १८६५ साली ती वारली.

नव्या देशात नोकरीसाठी येऊन आपल्या आवडीचे काम बाजूला ठेवणे म्हणजे काय, हे आपल्यातल्या अनेक पालकांना वेगळे सांगायला नको. मरे यांनी ते बाजूला ठेवले नाही. बँकेतून आल्यावर त्यांचा भाषांचा अभ्यास चालूच राहिला. १८६६ साली त्यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीसाठी अर्ज केला. आपल्याला कोणत्या भाषा कितपत येतात याची यादी त्यात दिली होती. ती वाचताना दम लागतो. ती नोकरी मात्र त्यांना मिळाली नाही!

१८६७ साली त्यांनी एडा रथव्हेन यांच्याशी लग्न केले. त्या लग्नात नवरदेवाचे पाठराखे होते अलेक्झांडर ग्रॅहम बेल, म्हणजे पुढे टेलिफोनचा शोध लावणारे. बेलना लहान वयात विजेचे पहिले धडे मरे यांनीच दिले होते. १८७० साली मरे लंडनच्या उत्तरेला मिल हिल येथील शाळेत शिक्षक झाले. आपल्यापैकी काही जणांच्या गाड्या दर आठवड्याला त्या भागातून जातात.

दहा वर्षांचे काम

लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ सालीच एका नव्या कोशाची कल्पना मांडली होती. इंग्रजीतला प्रत्येक शब्द घ्यायचा. तो पहिल्यांदा कधी आणि कुठे लिहिला गेला ते शोधायचे. त्याचा अर्थ शतकाशतकाने कसा बदलत गेला ते छापील पुस्तकांतल्या वाक्यांनी दाखवायचे. थोडक्यात, प्रत्येक शब्दाचे चरित्र लिहायचे.

पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज तिसाव्या वर्षी वारले. दुसरे संपादक फर्निव्हल अतिशय उत्साही होते, पण त्यांच्या हातून काम विस्कटले. अखेर १८७९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याशी करार झाला आणि मरे संपादक झाले. चार खंड, सुमारे सात हजार पाने, मुदत दहा वर्षे.

पाच वर्षांनी, १८८४ च्या सुरुवातीला, पहिला भाग छापून आला. त्यात किती शब्द होते? ए या अक्षरापासून फक्त अँट, म्हणजे मुंगी या शब्दापर्यंत! कामही मुंगीच्याच पावलांनी चालले होते म्हणा. आम्ही संगणकवाले प्रकल्पाची मुदत चुकवण्याबद्दल प्रसिद्ध आहोत, पण दहा वर्षांचे काम एकोणपन्नास वर्षे चालावे, एवढी मजल आमचीही गेलेली नाही.

पत्र्याची खोली

कामाची पद्धत अशी. कोणीही पुस्तक वाचायचे. लक्षात घेण्याजोगा शब्द दिसला की वहीच्या अर्ध्या पानाएवढी चिठ्ठी घ्यायची. डावीकडे वर तो शब्द, खाली पुस्तकाचे नाव, लेखक, साल, पान आणि ते पूर्ण वाक्य लिहून पाठवून द्यायची.

मरे यांच्याकडे जुन्या चिठ्ठ्या आल्या त्या पोती भरभरून, जवळजवळ दोन टन. एका पोत्यात मेलेला उंदीर होता, तर दुसऱ्यात उंदरीण पिलांसह सुखाने राहत होती. काही अक्षरांच्या चिठ्ठ्या गायबच होत्या. एच या अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीत फ्लॉरेन्सला निघाल्या. पीए ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधल्या एका तबेल्यात सापडल्या, पण त्यातल्या बऱ्याचशा चुलीत विस्तव पेटवायला वापरून झाल्या होत्या!

मरे यांनी शाळेच्या आवारात पत्र्याची एक खोली बांधून घेतली आणि तिला स्क्रिप्टोरियम, म्हणजे लेखनशाळा, असे भारदस्त नाव दिले. आत भिंतींना १०२९ कप्पे होते. त्यात चिठ्ठ्या अक्षरानुसार लावायच्या. मग एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या सालाप्रमाणे लावायच्या, अर्थाप्रमाणे गठ्ठे करायचे आणि शेवटी व्याख्या लिहायची. १८८५ साली मरे शाळा सोडून ऑक्सफर्डला राहायला गेले. तिथेही मागच्या बागेत पत्र्याची खोली आलीच. शेजारच्या प्राध्यापकांना आपल्या खिडकीतून दिसणारा देखावा बिघडायला नको होता, म्हणून ती खोली दोनतीन फूट जमिनीत खाली घ्यावी लागली. आत दमट आणि गारठा. हिवाळ्यात मरे जाड कोट घालून बसत आणि वारा लागू नये म्हणून पाय एका खोक्यात ठेवत.

टपाल इतके येई-जाई की पोस्ट खात्याने त्यांच्या घराबाहेर, बॅनबरी रस्त्यावर, खास लाल टपालपेटी बसवली.

अकरा मदतनीस

मरे पतिपत्नींना अकरा मुले होती, आणि अकराही जण कामाला जुंपलेली! चिठ्ठ्या वर्णक्रमाने लावायचे काम मुलांकडे असे. लहानांना तासाला एक पेनी, मोठ्यांना त्याहून जास्त. त्या घरातल्या मुलांचा खाऊचा पैसा असा शब्दांतून येई. तुम्हाला आईबाबांनी पुस्तकांचे कपाट आवरायला सांगितले तर ही मुले आठवा. त्यातल्या एल्सी आणि रॉसफ्रिथ या दोन मुली मोठेपणी कोशाच्या कचेरीत रीतसर काम करू लागल्या.

जगभरचे वाचक

१८७९ साली मरे यांनी एक पत्रक काढून ब्रिटन, अमेरिका आणि वसाहतींमधल्या इंग्रजी वाचणाऱ्या लोकांना मदतीची विनंती केली. पगार नाही, फक्त काम. तरीही शेकडो लोक पुढे आले: शिक्षक, पाद्री, डॉक्टर, घर सांभाळणाऱ्या स्त्रिया. सुरुवातीला एक गंमत झाली. लोक विचित्र, दुर्मीळ शब्द तेवढे पाठवत आणि साध्या शब्दांकडे दुर्लक्ष करत. मग साध्या शब्दांची वाक्ये संपादकांनाच शोधत बसावी लागत. रोजच्या वापरातली वस्तू आपल्या नजरेला दिसत नाही, तसेच हे.

दोन मदतनिसांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. दोघेही अमेरिकन.

पहिले फिट्झएडवर्ड हॉल. तरुणपणी ते पळून गेलेल्या भावाच्या शोधात कलकत्त्याला निघाले आणि १८४६ साली तिथल्या किनाऱ्याजवळ त्यांचे जहाज फुटले. ते भारतातच राहिले, संस्कृत शिकले आणि बनारसच्या संस्कृत कॉलेजात प्राध्यापक झाले. पुढे इंग्लंडमधल्या एका खेड्यात ते एकटे राहत. तिथे जवळजवळ वीस वर्षे, रोज चार-चार तास, त्यांनी कोशाची प्रुफे तपासली. एक पैसा घेतला नाही. मरे आणि ते एकमेकांना एकदाही प्रत्यक्ष भेटले नाहीत.

दुसरे डॉ. विल्यम मायनर. अमेरिकेच्या सैन्यात ते शल्यचिकित्सक होते. पुढे त्यांना मनाचा गंभीर आजार झाला. कोणीतरी आपल्या जिवावर उठले आहे असे त्यांना भास होत. अशाच एका भासात, १८७२ साली लंडनमध्ये, त्यांच्या हातून एका निरपराध कामगाराचा खून झाला. त्यांना ब्रॉडमूर येथे मनोरुग्ण गुन्हेगारांच्या संस्थेत ठेवले गेले. तिथल्या खोलीत पुस्तके जमवून त्यांनी कोशासाठी हजारो वाक्ये पाठवली. त्यांची पद्धत वेगळी होती. प्रत्येक पुस्तकातल्या शब्दांची ते पानासह सूची करून ठेवत. कचेरीत कोणत्या शब्दावर काम चालू आहे हे ते पत्राने विचारत आणि नेमकी तीच वाक्ये पाठवत. आज संगणकावर आपण शोध घेतो तेव्हा आतमध्ये अशीच एक सूची काम करत असते. मरे त्यांना भेटायला ब्रॉडमूरला जात. आजारी माणसाला त्याच्या आजारापलीकडे पाहून मान देणे, हे त्या काळात फार थोड्यांना जमत असे.

वर्तुळ आणि चुका

इंग्रजीत कोणते शब्द मोडतात? मरे यांनी कोशाच्या पहिल्या खंडात याचे उत्तर एका आकृतीने दिले. मध्यभागी सर्वांना ठाऊक असलेले शब्द. तिथून वाटा बाहेर जातात: एक शास्त्राकडे, एक कारागिरांच्या शब्दांकडे, एक बोलींकडे, एक रस्त्यावरच्या बोलण्याकडे, एक परदेशी शब्दांकडे. भाषेला मध्य आहे, पण कुंपण नाही. कुठे थांबायचे ते कोशकाराला ठरवावे लागते, भाषा स्वतः थांबत नाही.

म्हणून तर आपल्याकडचे शब्दही त्या कोशात दिसतात. बंगल्यापासून बंगलो, चिठ्ठीपासून चिट, खाटेपासून कॉट, जंगलापासून जंगल, पंडितापासून पंडिट. ठगसुद्धा आहे! आणि मंगूझ हा शब्द तर चक्क मराठीतल्या मुंगसापासून आला आहे. ब्रिटिशांनी जगाच्या मोठ्या भागावर राज्य केले, व्यापार केला, आणि परतताना इंग्रजी भाषा ठिकठिकाणचे शब्द खिशात घालून घेऊन गेली. भारत, आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅरिबियन बेटे, सगळीकडे इंग्रजीची वेगवेगळी रूपे तयार झाली.

मरे यांच्या हातून चुकाही झाल्या. स्थळांच्या नावांवरून झालेली विशेषणे घ्यायची नाहीत, या नियमाने आफ्रिकन हा शब्द वगळला गेला, पण अमेरिकन मात्र आत आला! याची खंत त्यांना पुढे वाटली. अपेंडिसायटिस हा शब्द तेव्हा अगदी नवा, डॉक्टरी वर्तुळातला, म्हणून घेतला नाही. आणि १९०२ साली नेमका त्याच आजाराने राजा सातवा एडवर्ड यांचा राज्याभिषेक पुढे ढकलावा लागला. शब्द सर्वांच्या तोंडी, कोशात मात्र नाही! बॉंडमेड, म्हणजे दासी, या शब्दाच्या तर चिठ्ठ्याच हरवल्या होत्या. खंड छापून झाल्यावर त्या सापडल्या. तो शब्द कोशात आला १९३३ च्या पुरवणीत.

काम थांबवा म्हणणारे

छापखान्याचे चालक हवालदिल झाले होते. खर्च वाढत होता, विक्री बेताची होती आणि शेवट दिसत नव्हता. लवकर करा, पाने कमी करा, उदाहरणे छाटा, असा तगादा लागला. मरे यांचे म्हणणे असे, की अर्धवट काम करायचे तर ते करूच नये. १८९६ साली प्रकरण इतके हातघाईवर आले की ते राजीनामा द्यायला निघाले. वर्तमानपत्रांत गवगवा झाला आणि शेवटी चालकांनी माघार घेतली. हेन्री ब्रॅडली, विल्यम क्रेगी आणि चार्ल्स अनियन्स हे आणखी तीन संपादक क्रमाक्रमाने मदतीला आले.

१९०८ साली मरे यांना सर ही पदवी मिळाली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने मात्र मानाची डॉक्टरेट द्यायला १९१४ साल उजाडू दिले. त्यांच्या कामाने त्या शहराचे नाव जगभर झाले होते, पण तिथल्या विद्वानांच्या पंगतीत त्यांना फार उशिरा पाट मिळाला.

मरे २६ जुलै १९१५ रोजी वारले. तेव्हा टी हे अक्षर चालू होते. सगळा कोश एप्रिल १९२८ मध्ये पूर्ण झाला. ४,१४,८२५ शब्द, अठरा लाखांहून अधिक उदाहरणे, पंधरा हजारांहून अधिक पाने. त्यातली जवळजवळ निम्मी पाने एकट्या मरे यांनी संपादित केलेली. त्यांच्यामागून काही काळ डब्ल्यू अक्षरावर काम करणारा एक तरुण मदतनीस तुमच्या ओळखीचा आहे: हॉबिटची गोष्ट लिहिणारे टॉल्किन.

१९८० च्या दशकात हा कोश संगणकावर चढवला गेला. शंभराहून अधिक लोकांनी बसून तो अक्षर-अक्षर टंकित केला. पण एक गोष्ट सोपी गेली. मरे यांनी शब्द, उच्चार, मूळ, अर्थ आणि उदाहरण यांची जागा व अक्षरांचा ठसा पहिल्या पानापासून पक्का ठरवला होता. त्यामुळे कोणता भाग काय आहे हे संगणकाला ओळखता आले. पत्र्याच्या खोलीत गारठ्यात बसून लावलेली शिस्त शंभर वर्षांनी कामी आली.

आणि आपली मराठी

मराठीलाही असे लोक लाभले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत छापला गेला. इंग्रज अधिकारी आणि मराठी शास्त्री-पंडित यांनी मिळून त्याचे शब्द जमवले होते. पुढे १९३२ पासून दाते आणि कर्वे यांच्या संपादक मंडळाने महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड काढले.

पालकांनो, मुलांना इंग्रजी शिकवावी लागत नाही, ती शाळेतून आणि रस्त्यावरून आपोआप येते. मराठीचे तसे नाही. आपल्या घरातले कितीतरी शब्द फक्त आजी-आजोबांच्या तोंडी उरले आहेत आणि आपण ते टिपून ठेवलेले नाहीत. शिंप्याच्या घरातली बोली कमी दर्जाची नाही, हे जेम्स मरे यांना लवकर कळले. कोकणी वळणाची, वऱ्हाडी, अहिराणी, कोल्हापुरी, जी बोली घरात असेल ती मुलांच्या कानावर पडू द्या.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. अर्ध्या पानाची चिठ्ठी घ्या. सुट्टीत आजी किंवा आजोबांशी फोनवर बोलाल तेव्हा तुम्हाला न कळलेला एक मराठी शब्द त्यांना विचारा. डावीकडे वर तो शब्द, खाली त्यांनी बोललेले वाक्य, शेवटी त्यांचे गाव आणि तारीख. पुढच्या वर्गाला चिठ्ठ्या घेऊन या. बुटांचे रिकामे खोके मी आणतो, अक्षरानुसार लावायचे काम लहान गटाने करायचे. मजुरी तासाला एक पेनी!

शब्दार्थ
बोली: एखाद्या भागात बोलली जाणारी भाषा
वारस: मागच्यांचे आपल्याकडे आलेले पुढे नेणारा
कप्पा: कपाटातला लहान खण
प्रुफे: चुका तपासण्यासाठी छापलेली कच्ची पाने
शल्यचिकित्सक: शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर
हवालदिल: काळजीने त्रस्त
तगादा: पुन्हा पुन्हा केलेली मागणी